भांडताना हार्मोन्स, दुखताना मनाचे खेळ

एकदाचं ठरवा, माझ्या अंगात काही चाललंय की नाही?

कारण मी आवाज चढवला की तुम्हाला लगेच हार्मोन्स आठवतात. ओला टॉवेल पलंगावर का टाकला एवढंच विचारलं, तर लेकीकडे बघून डोळे मिचकावत, ‘आईचं ते चाललंय ना सध्या.’ अहो, ओल्या टॉवेलचा राग मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून येतोय! तेव्हा कुठे होता हा पाळी जाण्याचा काळ, तुमचा तो मेनोपॉज?

आणि मध्यरात्री घामाने चिंब होऊन उठले, सांधे धरलेत, बोलता बोलता साधं नाव आठवेना, असं म्हटलं की तेच हार्मोन्स गायब. मग ‘सगळ्याच बायकांना होतं’, ‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’, ‘मन रमव जरा कशात तरी.’ इस्ट्रोजेन हे बाईच्या अंगातलं हार्मोन घटलं की मेंदूतला शरीराचं तापमान सांभाळणारा भाग बिथरतो. किंचित फरकही त्याला सोसत नाही, रक्तवाहिन्या फुलतात, अंगातून वाफा निघतात. कित्येकींना हे ७-७ वर्षं चालतं. कशात रमवू मन?

डॉक्टरही काही कमी नाहीत. ‘पाळी येतेय ना अजून? मग मेनोपॉज कसला!’ सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणतात, हे मलाही ठाऊक आहे. पण खरा छळ त्याआधीच्या वर्षांत सुरू होतो, त्याचं काय?

या त्रासावरच्या हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढा, ‘कॅन्सर होतो’ ठरलेलं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाची बातमी आली, तीच अजून चघळताहेत. पुढे त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या, तर त्रास असलेल्या बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरने बघावं ना, शेजारणीने कशाला?

‘सुटलीस बाई एकदाची’ म्हणणाऱ्यांना तर हात जोडले. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, लघवीला जळजळ होते, कोरडेपणाबद्दल तर नवऱ्याशीही बोलायची चोरी, आणि म्हणे सुटले! वर पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्त दिसलं तरी ‘होतं गं मागेपुढे.’ नाही होत! गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही असू शकतो, तपासायलाच हवं.

आणि हो, पंखा आज पाचवरच राहील. ज्याला थंडी वाजते त्याने दोन चादरी घ्याव्यात.