अख्खी ओएस रॅममध्ये टाकली की पीसी दहापट पळतो?

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: लिनक्स बूट करताना ‘टोरॅम’ हा पर्याय द्या, अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) रॅममध्ये चढवा, पीसी दहापट पळेल, एसएसडी झिजणार नाही, व्हायरसची भीती संपेल.

पहिला मुद्दा वेगाचा. रॅम वेगवान आहे, यात वादच नाही. पीसीआयई 3ची चांगली एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) सेकंदाला साडेतीन जीबी वाचते, तर दोन चॅनेलची डीडीआर4 रॅम चाळीसच्या पुढे जाते. पण म्हणून डेस्कटॉप तेवढ्या पटीने पळत नाही, कारण एकदा वाचलेली फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) आपणहूनच मोकळ्या रॅममध्ये ठेवतो. खात्री करायची तर रीबूट करून लिबरऑफिस उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा लागलेला वेळ बघा. मग टर्मिनलमध्ये ‘फ्री’ कमांड चालवा; ‘बफ/कॅशे’चा, म्हणजे अशा ठेवलेल्या फाइलींचा, रकाना फुगलेला दिसेल. म्हणजे जे मुद्दाम करायला सांगताहेत, त्यातलं कामाचं तेवढं आधीपासूनच होतंय, तेही फुकटात.

शिवाय ही कॅशे गरज पडली की लगेच रिकामी होते. टीएमपीएफएसमध्ये (रॅममध्येच बनवलेल्या फाइल सिस्टिममध्ये) भरलेली ओएस तशी सोडता येत नाही. रॅम कमी पडली तर ती फार तर स्वॅपमध्ये (रॅममध्ये न मावलेलं ठेवायच्या जागेत) जाते, आणि स्वॅप डिस्कवर असेल तर फिरून डिस्कच! त्यात लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) सिस्टिमची इमेज, म्हणजे सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं, बहुधा स्क्वॅशएफएस या फॉरमॅटमध्ये दाबलेली असते. ती रॅम अडवते, आणि तिच्यातून उलगडलेल्या फाइली कॅशेत वेगळी जागा घेतात. उरला ब्राउझर. एखादं जड पान रेंगाळतं ते प्रोसेसर आणि नेटमुळे. तिथे रॅममधली ओएस काय करणार?

बूट होण्याच्या वेळेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. 3 जीबीची इमेज यूएसबी 2च्या पेनड्राइव्हवरून सेकंदाला 30 एमबीने चढवायची तर 100 सेकंद नुसते कॉपीत जातात. दर वेळी.

एसएसडी झिजते ती लिहिण्याने, वाचण्याने जवळपास नाही. 1 टीबीच्या कित्येक एसएसडींना 600 टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी असते. रोज 50 जीबी लिहिलं तरी तो आकडा गाठायला जवळपास 33 वर्षं लागतील.

व्हायरसचं म्हणणं अर्धंच खरं. रीबूट केल्यावर रॅममधलं पुसलं जातं, कबूल. पण चालू सेशनमध्ये चोरलेला पासवर्ड परत येत नाही. आतली डिस्कही जोडलेलीच असते, रूट (सिस्टिमचे सगळे अधिकार) मिळालं की ती माउंट करता, म्हणजे उघडून वापरता येते. आणि पपी लिनक्स ही छोटी लिनक्स सिस्टिम तर मुळातच रूट म्हणून चालते. वर सेव्हची सोय केली नसेल तर सिक्युरिटी अपडेटही पुसले जातात, दर बूटला ब्राउझर तोच जुना.

फायदा होतो तो जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या किंवा थेट पेनड्राइव्हवरून चालवायच्या मशीनवर. टायनी कोअर, पपी यांसारख्या छोट्या सिस्टिम त्यासाठीच बऱ्या. तिथे प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडतानाच फरक जाणवतो, आणि सगळं रॅममध्ये चढल्यावर पेनड्राइव्ह काढून घेतला तरी डेस्कटॉप चालू राहतो. फक्त आपलं काम नेमकं कुठे सेव्ह होतंय, ते मशीन बंद करण्याआधी बघा.