मये तलावावरच्या ‘वेव्हर्ली’बद्दल आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

दोन तारे दिलेत, पण त्याबरोबर काय आवडलं नाही हे तपशिलात लिहिलंत, म्हणून उत्तरही तपशिलातच देतो. तुमचं म्हणणं असं की ‘वेव्हर्ली’ या कडेच्या दोन चाकांनी पाणी रेटत चालणाऱ्या स्कॉटलंडच्या आगबोटीचं जे मॉडेल आम्ही करून दिलं, त्याच्या चाकांची पाती वेडीवाकडी बसलीत, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्याने मये तलावात बोट जागच्या जागी वळत नाही, ती फार हळू चालते आणि ती उशिरा मिळाली. शिवाय गोव्यात बसून स्कॉटलंडची बोट कशाला, आपली मुंबई-गोवा बोट चाकं लावून का करत नाही, असंही विचारलंत.

आधी पाती, कारण आमची सगळ्यात जास्त मेहनत तिथेच आहे. चाक हाताने सावकाश फिरवून बघा. खालची पाती जवळजवळ उभी राहतात, वर गेलेली वेगवेगळ्या कोनांत कलतात. जुन्या साध्या चाकात पाती आऱ्यांना पक्की ठोकलेली असत. ती पाण्यात शिरताना सपाट आपटायची आणि बाहेर येताना पाणी उचलून वर फेकायची. इंजिनाची ताकद त्यात फुकट जायची, बोट हादरायची ती वेगळीच. त्यावर तोड म्हणून प्रत्येक पातं बिजागरीवर बसवून, चाकाच्या मध्यापासून जरा सरकवलेल्या एका कड्याला सळईने जोडायची पद्धत निघाली. १८२९ मध्ये इंग्लंडात तिचं पेटंट घेतलं गेलं. चाक फिरताना या सळया पात्यांना ओढत-ढकलत राहतात, त्यामुळे पातं पाण्यात असेपर्यंत उभंच राहतं. खऱ्या वेव्हर्लीची चाकं अशीच आहेत. आमच्याकडे प्रत्येक पितळी सळई हाताने घासून जुळवलेली असते, एखादी किंचित लांब राहिली तरी चाक अडतं. तुम्ही लिहिलंय की पाती सरळ करून फेविक्विकने चिकटवायचा विचार आहे. कृपा करून तसं करू नका. सळया वाकतील आणि चाक फिरायचंच थांबेल.

आता वळण्याचं. वेव्हर्ली १९४६ मध्ये ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीतून पाण्यात उतरली आणि १९४७ पासून प्रवासी नेऊ लागली. तिचं तीन सिलिंडरांचं, तिरपं बसवलेलं वाफेचं इंजिन एकच क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य दांडा, फिरवतं, आणि त्याच शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं आहेत. एक चाक पुढे आणि दुसरं मागे, हे तिला जमतच नाही. बंदरात जहाजं ओढणाऱ्या चाकांच्या टगना ती सोय असे, वेव्हर्लीला नाही. त्यात चाकं बोटीच्या मध्यावर आणि सुकाणू पार मागे, म्हणजे बोट संथ असताना चाकांचं पाणी सुकाणूवर जोराने येत नाही. म्हणून आधी तिला सरळ चालू द्या, वेग घेतला की सुकाणू फिरवा आणि वळायला मोठी जागा ठेवा. खऱ्या बोटीच्या कप्तानालाही धक्क्याला लागताना हाच हिशेब करावा लागतो.

दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरा बसवणं आम्हाला सोपं होतं, स्वस्तही. तरी आम्ही ते केलं नाही. समुद्रावर प्रवासी नेणारी जगातली शेवटची चाकाची आगबोट हीच. १९७४ मध्ये ती अवघ्या एका पौंडाला अशा बोटी जपणाऱ्या हौशी लोकांच्या संस्थेकडे गेली आणि त्या लोकांनी ती चालती ठेवली. आजही प्रवासी आत उभे राहून तो शाफ्ट फिरताना बघतात. तोच शाफ्ट मधून कापून मॉडेल करायचं, हे माझ्याने होत नाही.

वेगाचं गणित असं आहे. मॉडेल १:४८ प्रमाणात आहे, म्हणजे ७३ मीटरची बोट दीड मीटरवर आली. वेग मात्र ४८ ने भागायचा नसतो, तो ४८ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सातने भागायचा. तरच बोटीच्या पुढ्यात आणि कडेला उठणाऱ्या लाटा खऱ्या बोटीसारख्या दिसतात. खऱ्या बोटीच्या १४ नॉटचे (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) दोन नॉट झाले, सेकंदाला सुमारे एक मीटर. काठावरून सावकाश चालणारा माणूस तिच्याबरोबर राहील, आणि ती तशीच चालायला हवी.

तुम्ही पाती जास्त बुडावीत म्हणून आत आणखी एक बॅटरी ठेवलीत, तेव्हा ती मंदावली आणि मोटर तापली. चाकाच्या बोटींचं हे फार जुनं दुखणं आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी ‘ह्यू लिंडसे’ मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझला निघाली. एडनपर्यंत पुरावा म्हणून तिच्यात मिळेल त्या जागी कोळसा कोंबला होता. बोट इतकी खाली बसली की चाकांना पाणी रेटणंच जड झालं. कोळसा जळत गेला की उलटा त्रास, बोट वर येते आणि पात्यांना पाणी पुरत नाही. वजन थोडं कमी-जास्त झालं तरी चाकाला ते लगेच कळतं. तुमच्या बोटीच्या कडेला जी पांढरी रेघ आहे, तिथपर्यंतच पाणी यायला हवं.

उशिराबद्दल: पावतीवर दिवाळी लिहिली होती आणि दिवाळीच्या आठवड्यात बोट तुमच्या हाती आली. चवथीला हवी असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हाही मी नाहीच म्हटलं होतं. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत लॅकर मारला तर पांढरट पडतो, आणि ओलीने फुगलेली फळी पुढे सुकली की सांधे उघडतात. बेतीला, मांडवीच्या काठावर, आमच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवसांत फक्त पितळेचं काम चालतं.

राहिली आपली मुंबई-गोवा बोट. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ पणजीच्या धक्क्याला लागायच्या, ते आठवणारी माणसं अजून आहेत. पण त्या पाण्याखालच्या पंख्यावर चालणाऱ्या बोटी. त्यांना चाकं लावली तर ते मॉडेल खोटं होईल, आणि त्या बोटींनी मुंबईला गेलेल्या कुणाला ते दाखवायची माझी हिंमत नाही. चाकांचीच आणि आपल्या किनाऱ्याची बोट हवी असेल तर ‘ह्यू लिंडसे’ आहे. किंवा १८७० मध्ये एडनपर्यंतची तारायंत्राची तार समुद्रात टाकायला मुंबईत आलेली ‘ग्रेट ईस्टर्न’. तिच्या मूळ चाकांचा व्यास ५६ फूट होता. ह्यू लिंडसेचं काम आम्ही सुरू केलं आहे, सागवानातच.

तुमच्या बोटीचं काय, ते तुम्ही ठरवा. जागच्या जागी वळणारीच हवी असेल तर ही परत घ्यायला मी तयार आहे, पूर्ण पैसे देईन, अट एवढीच की पाती चिकटवलेली नसावीत. ठेवायची असेल तर येत्या रविवारी सकाळी ती घेऊन मयेला या, मीही येतो. जादा बॅटरी काढून, रेघेवर बसवून, तलावाच्या मधोमध एक मोठं वळण तुमच्याच हातांनी घेऊन बघू. वारा सुटण्याआधी, म्हणजे साडेसातच्या सुमारास आलात तर बरं.