आईच्या वहीतला अँड्रॉइड

साताऱ्याच्या आमच्या घरी टीव्हीखालच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर मधोमध 'श्री', खाली 'मोबाईल', त्याखाली 'दिवाळी पाडवा, २०१३'. आईनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे वहीला लाल रेघेचा समास आहे आणि प्रत्येक गोष्ट पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेली आहे. पहिली कृती अशी : 'फोन घेणे. (१) केळे धरणे. (२) केळे उजवीकडे ओढणे. (३) हॅलो म्हणणे.'

केळं म्हणजे हिरव्या गोलातला रिसीव्हर. तो रिसीव्हर आहे हे पटवायचा मी प्रयत्न केला होता. "आपला काळा फोन मी पंचवीस वर्षं पुसलाय," आई म्हणाली, "त्याचा रिसीव्हर असा नव्हता. हे केळंच आहे." पुढे कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांना 'शंकराचं गंध' असं नाव पडलं. सेटिंग्जचं दातेरी चक्र झालं 'कातण', करंजीच्या कडा कापायचं असतं ते. त्यामुळे वहीत जागोजाग 'गंध – कातण – आवाज' असले प्रवास आहेत. परक्या माणसाच्या हाती पडली, तर तो एखाद्या व्रताची पूजासामग्री म्हणून यादी घेऊन बाजारात जाईल.

अँड्रॉइड म्हणजे फोन चालवणारी गूगलची प्रणाली. तिचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, पण या वहीइतका चोख बखरकार मला भेटलेला नाही. राज्य बदललं की बखरकार नवं पान घेई. आमच्याकडे राज्य, म्हणजे अँड्रॉइडची आवृत्ती, दर दीड-दोन वर्षांनी बदलतं, आणि तेही रात्री, सगळे झोपलेले असताना.

वहीच्या आधीचा काळ माझ्या वाट्याला आला. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली निघाला तेव्हा त्याला काचेवरचा कीबोर्डच नव्हता. पडदा सरकवून खालची बटणं दाबायची. काचेवरचा कीबोर्ड आला २००९ च्या एप्रिलमध्ये, १.५ या आवृत्तीत. मी या भानगडीत शिरलो तेव्हा २.३ चालू होतं, नाव जिंजरब्रेड. माझ्या त्या फोनला देवनागरी येत नव्हती. मराठी मेसेज आला की ओळीनं रिकामे चौकोन दिसायचे. ऐन दिवाळीत मावशीकडून असाच चौदा-पंधरा चौकोनांचा मेसेज आला. मी इंग्रजी अक्षरांत तत्परतेनं कळवलं, 'तुम्हालाही, सहकुटुंब!' मावशीचे सासरे गेले होते, हे मला तेराव्याला कळलं. मावशी अजून माझ्याशी बेताचंच बोलते.

आवृत्त्यांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमानं गोड पदार्थांची नावं द्यायची, ही प्रथा तुम्हाला ठाऊक असेलच : कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो अशी ती पंगत निघाली. आईनं हे वहीत 'मेनू' या मथळ्याखाली घेतलंय आणि समासात शेरे मारलेत. जेली बीनसमोर 'जिलबी का नको?' किटकॅटसमोर 'करंजी'. लॉलीपॉपसमोर 'लाडू'. मार्शमॅलोसमोर 'मोदक', आणि त्याखाली दोन रेघा. २०१६ साली 'एन' अक्षरासाठी लोकांकडूनच नावं मागवली, तेव्हा केरळवाल्यांनी नेय्यप्पमसाठी चांगलाच जोर लावला होता. आपली नानकटाई डब्यात तयार बसली होती, पण आपण पडलो भिडस्त. नाव ठरलं नूगा, आणि ते निम्म्या भारतानं 'नोगट' असं वाचलं. मग २०१९ मध्ये 'क्यू' आला आणि गूगलनं पदार्थ बंद करून नुसता १० हा आकडा लावला. ही नावं जगभर सगळ्यांना समजत नाहीत, काही भाषांत 'एल' आणि 'आर' वेगळे ऐकूच येत नाहीत, असं कारण दिलं. आईच्या मते खरं कारण एकच, क्यूचा पदार्थ सापडेना. गूगलच्या कचेरीत आतल्या आत मात्र अजून पदार्थांचीच नावं चालतात, सोळाव्या आवृत्तीचं नाव बकलावा आहे, हे मी तिला सांगितलं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पाहुण्यांना नुसते आकडे, आणि आत बसून खातायत!"

वहीतलं पहिलं मोठं राज्यांतर म्हणजे लॉलीपॉप. ते मीच केलं, तेव्हा दोष कुणाला देऊ? सुट्टीत घरी गेलो होतो, फोनवर 'अपडेट उपलब्ध' दिसलं आणि मुलगा शहाणा असल्याचं दाखवायची मला हुक्की आली. फोन बंद होऊन चालू झाला आणि काचेवर आलं, '११२ पैकी १ ॲप ऑप्टिमाइझ करत आहे.' त्या आवृत्तीपासून ॲप चालवायची यंत्रणा मुळापासून बदलली होती. प्रत्येक ॲपचं यंत्राच्या भाषेत आधीच भाषांतर करून ठेवायचं, म्हणजे उघडताना वेळ लागत नाही, असा तो विचार. दिवाळीच्या आधीच सगळा फराळ करून ठेवण्यासारखं. पण फराळ होईपर्यंत घरच्यांनी उपाशी बसायचं. तेवीसला आईनं विचारलं, "होईल ना रे नीट?" एकेचाळीसला तिनं देवापुढं निरांजन लावलं. सत्तरला शेजारच्या काकू येऊन बसल्या आणि आवाज खाली आणून "काय झालं?" म्हणाल्या. ११२ झाल्यावर आम्ही तिघांनी सुस्कारा सोडला, तर फोन परत पहिल्यापासून सुरू झाला. का, ते मला आजही कळलेलं नाही.

शेवटी फोन उघडला तेव्हा खालची तिन्ही बटणं बदललेली. वळलेला बाण, घर आणि एकावर एक दोन चौकटी गेल्या होत्या. त्यांच्या जागी त्रिकोण, वर्तुळ, चौरस. मला घाम फुटला, पण आई प्रसन्न झाली. "आता कुणीतरी शिकलेला माणूस बसलेला दिसतो तिथं." तिनं निळ्या शाईनं 'घर' खोडलं आणि कंपासनं वर्तुळ काढलं.

याच आवृत्तीत मराठी आली, आणखी चौदा भाषांच्या बरोबरीनं. मी फोन मराठीत करून दिला आणि आईचा त्याच्याकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. 'व्यत्यय आणू नका' हे वाचून तर तिला तो आपल्याच शाळेतला वाटायला लागला. पण मराठीचेही धोके असतात. फोन हळू चालतोय म्हणून मी बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली. तसं केलं की ॲप बनवणाऱ्यांसाठीची आतली गुप्त सेटिंग्ज उघडतात, आणि सात हा आकडा आपल्याकडे सप्तपदीमुळे गंभीरपणे घेतलाच जातो. काचेवर आलं : 'तुम्ही आता विकासक आहात!' आईनं चष्मा लावून वाचलं आणि फोन माझ्या हातून काढून घेतला. समोरचा वाडा एका विकासकानं पाडून सहा वर्षं झाली होती आणि तिथं अजून नुसता खड्डा होता. "मला नाही व्हायचं विकासक. परत कर ते."

मार्शमॅलोवाला फोन आला तेव्हा ॲपं परवानगी विचारायला लागली. आधी ॲप टाकतानाच एक लांबलचक यादी यायची आणि आपण न वाचता 'हो' म्हणायचो. आता जेव्हा जे हवं तेव्हा ते मागायचं, अशी शिस्त लागली. सुधारणा उत्तम. पण निम्मं आयुष्य रजेचे अर्ज नामंजूर करण्यात घालवलेल्या बाईपुढं ती गेली. "पंचांगाला माझ्या फोनमधले नंबर कशाला हवेत? तिथी काय नणंदेला विचारून सांगणार आहे?" हे तिचं म्हणणं रास्तच होतं. नकार. कॅलेंडरला नकार. कॅमेऱ्याला फोटो ठेवायची जागा नाकारली. व्हिडिओ कॉलला माईक नाकारला. त्यानंतर तीन रविवार आई आम्हाला दिसत होती, ओठ हलत होते, आवाज नाही. बायको म्हणाली, इतक्या शांतपणे सासूबाईंशी बोलणं कधी झालं नव्हतं. पुढं अकराव्या आवृत्तीत 'फक्त या वेळी' असा पर्याय आला, तो मात्र आईला मनापासून आवडला. विळी मागायला आलेल्या काकूंनाही ती हल्ली तसंच सांगते.

२०२० साली जुना फोन पाण्याच्या बादलीत गेला आणि नवा घ्यावा लागला. लॉकडाऊन होता. फोन साताऱ्यात, मी ठाण्यात. त्यावर दहावी आवृत्ती होती, आणि खाली काही नव्हतं. त्रिकोण, वर्तुळ, चौरस, सगळी भूमिती पुसलेली. नुसती एक बारीक आडवी रेघ.

"मागं कसं जायचं?" आईनं विचारलं.

"कडेवरून बोट आत सरकव."

"कडेवर कुणाला घेऊ?"

"कुणाला नाही गं. फोनच्या कडेवरून."

"फोन कडेवर घेऊ?"

हे संभाषण त्याच फोनवर चाललं होतं, हे लक्षात घ्या. मी सांगितलं की ती फोन कानावरून काढून करून बघायची, आणि मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. मग लांबून आवाज, "गेलं. सगळं गेलं." मग फोन कट. अशी चौदा वेळा. हातवाऱ्यांवर चालणारा फोन करणं ही प्रगती असेल, पण हातवारे फोनवरून शिकवता येत नाहीत. जुनी तीन बटणं सेटिंग्जमध्ये जाऊन परत आणता येतात, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि ते मी आईला कधीच सांगितलेलं नाही.

त्याच फोनवर केळंही बदललं होतं. ते आता वर ओढायचं होतं. आईनं पहिलं पान उघडलं, 'उजवीकडे' या शब्दावर पट्टी ठेवून काट मारली आणि 'वर' लिहिलं. मग पेनाचं टोपण लावून तिनं ते पेन पेनस्टँडमध्ये ठेवून दिलं. त्या तारखेपासून वही पेन्सिलीनं लिहिलेली आहे.

बाराव्या आवृत्तीबद्दल फार सांगत नाही. वॉलपेपरच्या रंगावरून सगळ्या फोनचा रंग ठरवायची सोय आली. आईचा वॉलपेपर गणपतीचा, त्यामुळे कॅल्क्युलेटरही शेंदरी झाला आणि ती त्याच्यावर दुधाचा हिशेब करताना चपला काढून बसते. वायफाय आणि डेटा ही दोन बटणं एकाच 'इंटरनेट'मध्ये कोंबली, म्हणजे जे एका टिचकीत व्हायचं त्याला दोन लागू लागल्या. हे बरोबर की चूक यावर कुणी माझ्याशी वाद घालू नये. मी आधीच थकलोय. बंद करायचं बटण दाबून धरलं की फोन बंद व्हायचा थांबून एक बाई बोलायला लागली, हे सगळ्यात वाईट. कीर्तनात, बुवा नुकते मध्यंतराच्या आधीच्या करुण प्रसंगाला आले असताना, आईच्या पिशवीतून आवाज आला, "मी आपली काय मदत करू शकते?" फोन बंद करायला पॉवरबरोबर आवाज वाढवायचं बटण दाबायचं, हे मी नंतर सांगितलं. आईनं ते लिहून घेतलं आणि पुढं कंसात टाकलं : '(गप्प करण्यासाठी आवाज वाढवणे. विद्यार्थ्यांवर हा उपाय लागू पडत नाही.)'

अपडेट टाळता येत नाहीत, हे मी तिला समजावून दिलेलं आहे. २०१५ साली व्हिडिओ वाचणाऱ्या भागात अशी एक फट सापडली होती की नुसत्या एका मेसेजातून फोनमध्ये शिरता यावं. तेव्हापासून दर महिन्याला सुरक्षेची डागडुजी निघू लागली. आईला कडी-कोयंड्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. "दुरुस्ती करा की," ती म्हणते. "कडी बदलायला आलेला सुतार स्वयंपाकघरातले डबे का हलवतो, एवढंच विचारतेय मी."

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी आई फोन उचलेना. चार वेळा केला. शेजारच्या काकूंना केला, त्याही उचलेनात. कोपऱ्यावरच्या वाण्याला केला, तर तोही नाही. मला वाटलं, साताऱ्यात काहीतरी झालं. अर्ध्या तासानं आईचा फोन आला. स्वतः लावायला तिला येत होता, घ्यायला येत नव्हता. फोन घ्यायच्या ॲपचं रूप एका रात्रीत पालटलं होतं, देशभर अनेकांचं, आणि कित्येक जण फोन हॅक झाला म्हणून एकमेकांना कळवत होते. अर्थात ज्यांना उचलता येत होता त्यांनाच.

"मी तर अपडेटला 'नंतर' म्हणाले होते," आई म्हणाली.

ते सिस्टमचं. ॲपं स्वतंत्रपणे, आपली आपण बदलतात. पुढच्या दाराला कडी घातली होती, हे मागच्या दारानं आलं.

"बरं, मग आता केळं कुठं ओढायचं? वर ओढलं तर हलत नाही."

मी माझा फोन बघितला. मग बायकोला शेजारच्या खोलीतून फोन करायला लावून पुन्हा बघितला.

"उजवीकडे," मी म्हटलं.

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ काही बोलणं नाही, नुसती घड्याळाची टिकटिक.

गणपतीत घरी गेलो तेव्हा खणातून वही काढून पाहिली. पहिल्या पानावर बारा वर्षांपूर्वीची कृती होती, पट्टी ठेवून मारलेली काट होती. 'उजवीकडे' या शब्दाखाली आईनं ओळीनं टिंबं दिली होती आणि समासात, उत्तरपत्रिकेत चुकून कापलेला मार्क परत देताना लिहितात तसं, लिहिलं होतं, 'कायम'. पेन्सिलीनं.