डब्यातला खाऊ कुणालाच ओळखता आला नाही

गेल्या वर्षी गल्लीतली गुलाबाई, म्हणजे खानदेशातल्या मुलींच्या खेळगाण्यांची देवी, आमच्या ओट्यावर बसली होती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली यायच्या. टिपऱ्या, गाणी आणि शेवटी खाऊ ओळखायचा. तिखट की गोड? तळलेलं की भाजलेलं? डबा हलवून आवाज ऐकायचा.

त्या दिवशी डबा आणला होता कोपऱ्यावरच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलीने. तिचं कुटुंब त्याच्या वर्षभर आधी पाकिस्तानातल्या सिंधमधून इथे जळगावला नातेवाइकांच्या आधाराने आलं. वर्षभरात तिने गल्लीत कुणाशी शब्द काढला नव्हता. मुली ओरडत होत्या, शंकरपाळे! सांजोरी! अनारसे! ती आधी नुसती मान हलवायची. मग हळूच म्हणाली, "नाही." आणि थोड्या वेळाने चक्क, "नाही गं!" तो "गं" ऐकून मी हातातलं काम टाकून बाहेर आले.

सगळ्या हरल्या. डब्यात लोलो होता, म्हणजे तूप घालून केलेली जाडसर गोड पोळी. दुसऱ्या दिवशी मुली तिला बोलवायला तिच्या दारात.

वर्षभर आम्ही मोठ्यांनी काय केलं होतं? भांडी दिली, साड्या दिल्या, किराणा भरून दिला. ते गरजेचंच होतं. पण तिची आई मान खाली घालून घ्यायची आणि दार लावायची. बाई अबोल आहे, असं आम्ही ठरवून टाकलं. लोलोची रीत विचारायला गेले तेव्हा तीच बाई तासभर बोलली. वांग्याला त्यांच्याकडे वाङण म्हणतात, हे कळलं तेव्हा दोघी हसलो. आता ती मला अदी म्हणते. अदी म्हणजे ताई.

जळगावला हे नवीन नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांना सगळे निर्वासित म्हणायचे. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवून घ्यायचे. आज सिंधी कॉलनीशिवाय आणि फुले मार्केटमधल्या कापड दुकानांशिवाय हे गाव डोळ्यांसमोर येतं का? कोल्हापूरजवळ वळिवडेला 1943 ते 1948 सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतली काही 2019 मध्ये, पार म्हातारपणी, पुन्हा कोल्हापूरला येऊन गेली.

कागदांचं काम मात्र संथ आहे. भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची मुदत 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांसाठी आहे, हे कुटुंब त्यानंतरचं. म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा काढायचा, तो वाढवत राहायचा आणि साधारण 12 वर्षं थांबायचं. तोवर ही मुलगी विशीची होईल. तिचं बालपण कुठल्या टेबलावर अडून राहावं, हे मला मान्य नाही.

गुलाबाईच्या गाण्याने आधार कार्ड मिळत नाही, हे मला कळतं. ही मुलगी 52 अक्षरांची, उजवीकडून डावीकडे लिहायची सिंधी शिकून आली. देवनागरी तिला पहिल्यापासून शिकावी लागली. एका शाळेने दारातूनच परत पाठवलं, दुसरीने घेतलं. पण बाराखडी तिच्या तोंडी बसली ती ओट्यावरच्या मुलींमुळे.

गल्लीत एकाने विचारलं, आपल्याच लोकांना काम नाही, यांचं कशाला? भाऊ, आपले सातपुड्यातले भिल्ल-पावरा दरवर्षी ऊस तोडायला गुजरातेत जातात. तिथे त्यांची पोरं कुणाच्या ओट्यावर खेळतात, हा प्रश्न मला तितकाच छळतो.

म्हणून मंडळांना माझं कळकळीचं सांगणं आहे. अशा कुटुंबांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊ नका. आपल्याकडे पाहुण्याला पाट देतात आणि घरच्याला काम सांगतात. त्यांना काम सांगा. भरीत पार्टीला वांगी भाजायला बसवा, भंडाऱ्यात वाढायला उभं करा, वर्गणीच्या वहीत त्यांचे अकरा रुपये लिहून घ्या. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, त्यांनी बोलावलं तर घरातल्या बायकापोरांसह जा आणि ताहिरी, म्हणजे त्यांचा गोड भात, पोटभर खा.

यंदा गुलाबाई त्यांच्या घरी बसवायची, असं मुलींनी परस्पर ठरवलंय. तिच्या आईला गाणी येत नाहीत. ज्यांना जुनी गाणी पाठ आहेत त्या मावश्या-काकूंनी पौर्णिमेच्या आधी दोन-तीन दुपारी यावं. चहा तिच्याकडे.