शाफ्ट टॉर्कनं नाही, बेल्टच्या ओढीनं तुटतोय

कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय. एचपी-आरपीएमवरनं टॉर्क (पिळण्याचा जोर) काढा, टॉर्कवरनं शाफ्टचा (फिरणाऱ्या दांड्याचा) साईज काढा, बेंडिंग म्हणजे वाकवणारा ताण बघायची गरज नाही, आणि तुटला किंवा वाकला तर मटेरियल हलकं होतं, ईएन ८ या साध्या स्टीलच्या जागी ईएन २४ हे जास्त ताकदीचं स्टील घाला. नवीन पोरं हेच धरून ड्रॉइंग काढायला लागल्यात, म्हणून लिहितोय.

आधी टॉर्कचं. १० एचपी, ३०० आरपीएम धरा, टॉर्क येतोय साधारण २३७ न्यूटन मीटर, ४० एमएमच्या शाफ्टवर शिअर स्ट्रेस, म्हणजे पिळल्यानं येणारा ताण, १९ मेगापास्कल. मेसेजवाला इथंच थांबतो. पण पुली ३०० एमएमची असेल तर टॉर्क मिळतो तो बेल्टच्या दोन बाजूंच्या ओढीतल्या फरकातनं, साधारण १५८० न्यूटन, आणि शाफ्टला वाकवते ती दोन्ही ओढींची बेरीज. बेल्ट घसरू नये म्हणून ढिली बाजूपण ताणलेलीच असते, त्यामुळं बेरीज सहज ३००० न्यूटनवर जाते, म्हणजे पुलीला ३०० किलो टांगल्यासारखं. पुली बेअरिंगच्या मध्यापासनं १२० एमएम बाहेर असली की मोमेंट (वाकवणारा जोर, ओढ गुणिले अंतर) झाला ३६० न्यूटन मीटर. ३२ गुणिले मोमेंट, भागिले (पाय म्हणजे ३.१४ गुणिले व्यासाचा घन), एवढंच बेंडिंग स्ट्रेसचं सूत्र आहे, मोमेंट न्यूटन एमएममध्ये घाला, ५७ मेगापास्कल येतंय. शिअरच्या तिप्पट! आणि ऑपरेटरनं बेल्ट अजून आवळला तर टॉर्कच्या हिशोबात आकडा हलत नाही, इकडं बेंडिंग मात्र वाढत जातंय.

ईएन ८ च्या ताकदीपुढं ५७ म्हणजे किरकोळ, असं कोणीतरी म्हणेलच. शाफ्ट उभा असता तर खरं होतं. पण ओढ एकाच दिशेनं आणि शाफ्ट फिरतोय, त्यामुळं त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कण दर फेरीला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. ३०० आरपीएमला आठ तासांत १ लाख ४४ हजार वेळा, सात दिवसांत १० लाख. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या ॲक्सलवर हेच दाखवून दिलं, की यील्डच्या (कायमचं वाकायला लागतं त्या मर्यादेच्या) बरंच खालचा स्ट्रेससुद्धा उलटसुलट येत राहिला तर लोखंड तुटतं. त्यात कीवेची (पुली अडकवायच्या चावीची) खाच किंवा व्यास बदलतो त्या स्टेपला काटकोनी कोपरा असला की तिथला स्ट्रेस दुप्पट, कधी त्याहून जास्त. तुटलेलं तोंड धुवून बघा एकदा. शिंपल्यावर असतात तशा रेषा आणि शेवटी छोटासाच खडबडीत भाग दिसला तर तो फटिग, म्हणजे उलटसुलट ताणानं हळूहळू तुटणं आहे, मटेरियलला शिव्या घालू नका.

वाकण्याबद्दल, म्हणजे चालताना लोडखाली लवण्याबद्दल, तर मेसेज साफ चूक. ईएन ८ काय नि ईएन २४ काय, दोघांचाही इलास्टिक मॉड्युलस (लवायला किती विरोध करतं तो आकडा) २ लाख मेगापास्कलच्या आसपास, त्यामुळं तेवढ्याच लोडला दोन्ही सारखेच लवणार. ईएन २४ ची ताकद जास्त हे मान्य, पण धारदार कोपऱ्याचा त्रास त्याला उलट जास्त होतो. त्यापेक्षा ४० चा ५० एमएम करा, स्ट्रेस ५७ वरनं २९ वर येतो आणि लवणं निम्म्याहून कमी. बेअरिंगचा ब्लॉक यूसीपी २०८ चा २१० होईल, पुलीचा बोअर वाढवावा लागेल, एवढाच काय तो खर्च.

शिरोळकडच्या एका गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट माझ्याकडं दोनदा तुटून आला, दुसऱ्यांदा तर ईएन २४ होता आणि तुटला त्याच जागी, बेअरिंगच्या बाहेर पुलीसाठी शाफ्ट बारीक केलेला तिथं. गार्ड बसावा म्हणून पुली २०० एमएम बाहेर काढलेली आणि टर्नरनं कोपरा चौकोनीच ठेवलेला. मी परत ईएन ८ च घेतला, कोपऱ्याला ३ एमएमचा रेडियस दिला, गार्ड कापून पुली ९० एमएमवर आणली. तो शाफ्ट पूर्ण हंगाम चालला.