‘पाय म्हणजे नेमके २२/७’ आणि ‘वर्तुळ केवळ कागदावरचे’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून व्हॉट्सॲपवर एक संदेश गटागटांतून फिरत आहे. माझ्याकडे तो नातेवाइकांकडून आला, सहकाऱ्यांकडून आला, आणि शेवटी नववीच्या वर्गातल्या एका मुलाने तो वहीत उतरवून आणला. वही पुढे करून त्याने विचारले, “सर, हे खरं असेल तर आपण वर्तुळाचा धडा कशाला शिकायचा?” संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. पाय (π), म्हणजे परिघाला व्यासाने भागून येणारी संख्या, नेमकी २२/७ आहे हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले होते, पाश्चात्त्यांनी तिच्यात न संपणारे आकडे घुसवले. ज्या संख्येला शेवटच नाही तिच्या आधारे परीघ मोजता येणे शक्य नाही. निसर्गात खरे वर्तुळ कुठेच सापडत नाही, ग्रहांच्या कक्षासुद्धा लंबवर्तुळाकार निघाल्या. म्हणून वर्तुळाचे गणित ही कागदावरची कल्पना असून प्रत्यक्ष जगाशी तिचा संबंध नाही. मराठवाड्यात गणित शिकवण्यात माझे बरेचसे आयुष्य गेले असल्यामुळे त्या मुलाला वर्गात दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडत आहे.

सुरुवात पूर्वजांपासून करू, कारण संदेशाचा सगळा जोर त्यांच्या नावावर आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आर्यभटीयात परिघाचा नियम दिला: चार अधिक शंभर, त्याची आठपट, त्यात बासष्ट हजार मिळवा, वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा हा ‘आसन्न’ परीघ होय. हिशेब केला तर ६२८३२ भागिले २००००, म्हणजे ३.१४१६ येते. हे २२/७ नव्हेच. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘आसन्न’ हा शब्द. आसन्न म्हणजे जवळचा. आपण देत असलेली किंमत नेमकी नसून जवळची आहे, हे आर्यभटाने श्लोकातच नमूद करून ठेवले आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत तर दोन किमती शेजारी शेजारी दिल्या. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागावे, तो ‘सूक्ष्म’ परीघ. किंवा २२ ने गुणून ७ ने भागावे, तो ‘स्थूल’ आणि ‘व्यवहारयोग्य’ परीघ. पहिल्यातून आर्यभटाचेच ३.१४१६ निघते. दुसरी किंमत संदेशातली. पण तिला ‘स्थूल’ म्हणणारे स्वतः भास्कराचार्य आहेत, कोणी पाश्चात्त्य नव्हे. आपल्याकडून कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ज्यांच्या विद्येसाठी मठ उभा राहिला त्यांच्या नावावर त्यांनी न सांगितलेली गोष्ट खपवणे मला क्लेशकारक वाटते.

हा गैरसमज मुलांच्या मनात रुजण्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्रश्नपत्रिकेत ‘पाय = २२/७ घ्या’ असे वर्षानुवर्षे छापले जाते, आणि त्यातला ‘घ्या’ हा शब्द किती मोलाचा आहे हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. घ्या म्हणजे या गणितापुरते तसे धरा. सात मीटर व्यासाच्या विहिरीचा घेर २२/७ ने बरोबर बावीस मीटर येतो, आणि अधिक सूक्ष्म किमतीने सुमारे २१.९९१ मीटर. फरक नऊ मिलिमीटरचा. विहीर बांधणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, म्हणून तर ती किंमत व्यवहारयोग्य.

आता न संपणाऱ्या आकड्यांचा मुद्दा. येथे संदेश स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतो, कारण २२/७ दशांशात लिहायला घेतले तर ३.१४२८५७१४२८५७… असे तेही कधी संपत नाही. आकडे संपत नाहीत म्हणून संख्या खोटी, असे मानले तर २२/७ आणि १/३ या दोन्हींना बाद करावे लागेल. फरक एवढाच की २२/७ चे आकडे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात, पायचे तसे येत नाहीत. कोणत्याही दोन पूर्णांकांचा भागाकार पायइतका होऊ शकत नाही, हे लॅम्बर्ट या गणितज्ञाने १७६१ मध्ये सिद्ध केले. ही सिद्धता आहे, कोणाचे मत नव्हे. लांबी मात्र ठाम असते. परातीभोवती दोरा गुंडाळला की तो एका ठरावीक जागी येऊन मिळतोच. ती लांबी दशांशात लिहिताना आपले आकडे अपुरे पडतात, दोरा अपुरा पडत नाही. आणि लिहायचे तरी किती आकडे? पायची किंमत पंधरा दशांश स्थळांपर्यंत घेऊन पृथ्वीएवढ्या वर्तुळाचा परीघ काढला, तरी चूक मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहून कमी राहते.

निसर्गात खरे वर्तुळ नाही, या विधानात थोडे तथ्य आहे आणि तेवढ्यामुळेच ते लोकांना पटते. अणुरेणूंनी बनलेल्या कोणत्याही वस्तूची कड रेषेसारखी निखळ नसते, हे खरे. पण त्यातून ‘संबंध नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, आणि का निघत नाही हे मी लहानपणी आमच्या गावच्या लोहाराच्या अंगणात पाहिले आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची होती. लोहाराने दोरीने चाकाचा घेर घेतला आणि पट्टी त्याहून बोटभर आखूड कापली. आता ही बसणार कशी, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “आखूडच लागती, पोरा. सैल धाव पहिल्याच उन्हाळ्यात निसटती.” पट्टीचे कडे करून गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवले, तिघांनी सांडशीने उचलून चाकावर ठेवले, घणाने ठोकले आणि वरून घागरी ओतल्या. वाफेच्या लोटात लाकूड करकरले, आरे आपापल्या जागी घट्ट बसले.

त्या धावेचा हिशेब आज मी मुलांना घालतो. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.७१ मीटर. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत बारा भाग वाढते. पाचशे अंश तापवले तर धावेची लांबी सुमारे २८ मिलिमीटरने वाढते, आणि तिचा व्यास सुमारे ९ मिलिमीटरने. या दोन वाढींचे गुणोत्तर पुन्हा पायच. ते चाक भूमितीतले निर्दोष वर्तुळ नव्हते, धावही नव्हती, तरीही बोटभर आखूड पट्टी बसणार की नाही हे त्या गणिताने ठरवले. आदर्श आकृती आणि खरी वस्तू यांच्यातला फरक किती आहे हे मोजता येते, आणि तो सोसण्याजोगा आहे की नाही हे कामावरून ठरते.

शिवाय निसर्ग वर्तुळाकडे झुकतो त्याला कारणे आहेत. जालना जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खळगा बेसाल्टच्या कठीण खडकात उल्कापाताने झाला. उल्का तिरकी आली तरी तिची ऊर्जा आदळण्याच्या जागी स्फोटासारखी मोकळी होते आणि धक्का सर्व दिशांना सारख्या वेगाने पसरतो, म्हणून विवराची कड जवळजवळ गोल उमटते. आपल्या विहिरी गोल असण्यामागेही कारण आहे. भोवतालची माती सर्व बाजूंनी आत रेटते, तेव्हा गोल बांधकामातले दगड एकमेकांवर दाबले जाऊन अधिकच घट्ट होतात. सरळ भिंत मात्र मध्यावर आत फुगते. (जुन्या बारवा चौकोनी असतात हा आक्षेप मला माहीत आहे, पण त्या पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, एवढी उंच उभी भिंत तेथे नसते.) बांधकामाची बचतही आहेच: बावीस मीटर घेरात चौकोनी विहिरीला सव्वातीस चौरस मीटर जागा मिळते, गोल विहिरीला साडेअडतीस.

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत हे संदेशातले विधान खरे आहे. पण पृथ्वीची कक्षा एक मीटर लांबीच्या व्यासाने फळ्यावर काढली तर तिचा आखूड व्यास लांब व्यासाहून केवळ ०.१४ मिलिमीटरने कमी भरेल, म्हणजे फरक खडूच्या रेघेतच बुडून जाईल. सूर्य मात्र मध्यापासून आठ मिलिमीटर बाजूला काढावा लागेल. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मंगळाची कक्षा आधी वर्तुळाच्याच साहाय्याने मांडली होती. टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने घेतलेल्या वेधांशी ती आठ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जुळेना, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे चौथ्या हिश्शाने. तेवढ्या फरकासाठी त्याने वर्षानुवर्षे हिशेब केले आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळ जाहीर केले. वर्तुळाशी ताडून पाहिले नसते तर त्या आठ कला कोणाच्या ध्यानात आल्या असत्या?

राहिला ‘प्रत्यक्ष जगाशी संबंध नाही’ हा शेवटचा मुद्दा. त्याचे उत्तर मी त्या मुलाकडूनच करवून घेतले. वर्गाच्या दाराच्या चौकटीला एक मीटर लांबीची दोरी बांधली, तिच्या टोकाला दगड अडकवला आणि थोडासा झोका दिला. मुलांनी जाऊन-येऊन एक असे दहा झोके मोजले. घड्याळात वीस सेकंद झाले होते. मग फळ्यावर सूत्र लिहिले: एका झोक्याला लागणारा वेळ म्हणजे दोनदा पाय, गुणिले लांबी भागिले गुरुत्वत्वरण याचे वर्गमूळ. लांबी एक मीटर, गुरुत्वत्वरण ९.८, एका झोक्याचे २.००७ सेकंद, दहांचे वीस सेकंद आणि किंचित वर.

“पण सर, इथं वर्तुळ कुठं आहे?” त्याने विचारले. मी दगड सोडवला नाही, दोरी तशीच धरून तो लहानशा गोल घेऱ्यात फिरवला आणि बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात भिंतीवर पडलेली सावली पाहायला सांगितले. दगड गोल फिरत होता आणि सावली भिंतीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे, मघाच्या झोक्यासारखीच हलत होती. त्याने घड्याळ पुन्हा हातात घेतले आणि सावलीच्या फेऱ्या मोजायला सुरुवात केली.