माझ्या हातात टँबोरिन देऊ नका

मी बँडमध्ये हार्मोनिका, म्हणजे माउथ ऑर्गन, वाजवतो. आज प्रॅक्टिसला आमच्या गिटारिस्टने सहज सांगून टाकलं, "दादा, पुढच्या शोला हार्मोनिका दोनच गाण्यांत ठेवू. बाकी वेळ तू टँबोरिन घे." घरी येऊन जेवण झालं, तरी डोकं शांत होत नाहीये.

मॅजिक डिक ऐकलाय का रे कोणी? जे. गाइल्स बँडचा हार्मोनिकावाला. हॉस्टेलला एका सीनियरने मला त्यांचं 'व्हॅमर जॅमर' ऐकवलं होतं, डेट्रॉइटच्या लाइव्ह अल्बममधलं, 1972 चं. गाणं म्हणणारा कोणी नाही. हार्मोनिका पुढे सुटलीये आणि अख्खा बँड तिच्या मागे पळतोय! मी विचारलं, हे एकच माणूस वाजवतोय? सीनियर काही बोलला नाही, त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तुम्ही म्हणाल, रॉकमध्ये गिटारच हवी. हवीच की. पण गिटार ई पट्टीत असली की आम्ही ए पट्टीची हार्मोनिका उचलतो, कारण तिच्यावर ई चे स्वर श्वास आत ओढून निघतात, आणि ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या दर्दभऱ्या संगीताचा, जीव श्वास आत ओढण्यातच आहे. चौथ्या भोकातून हवा ओढताना जीभ किंचित मागे घेतली की स्वर खाली वाकतो, माणूस कळवळावा तसा. तो वाकलेला स्वर बरोब्बर जागेवर थांबवायला वर्षं जातात. आणि हा मला खुळखुळा देतोय! माझा माइक मध्येच शिट्टी मारतो, हे मान्य. तेवढ्यासाठी?

गाइल्सचा बँड मुळात मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या ब्लूजवेड्या पोरांचा. 1982 मध्ये त्यांचं 'सेंटरफोल्ड' अमेरिकेत सहा आठवडे एक नंबरला होतं. लोकांच्या लक्षात काय राहिलं? कीबोर्ड आणि शेवटची शिट्टी. गाणं झकास आहे, नाही म्हणत नाही. पण 'व्हॅमर जॅमर'वाल्याला त्या वर्षांत काय वाटत असेल, हे आज मला फार जवळून कळलं. तरी तो 1985 पर्यंत, बँड मोडेपर्यंत राहिला. आणि नव्वदच्या दशकात त्याने न् गिटारिस्ट गाइल्सने 'ब्लूजटाइम' नावाचा बँड काढून पुन्हा ब्लूजच धरला. हे लिहितानाही भरून येतंय.

आमचा गिटारवाला पोरगाही वाईट नाही. हात गोड आहे त्याचा. त्याला माझ्यासारखा सीनियर भेटला नाही, एवढंच. रविवारी घरी बोलावलंय. आधी डेट्रॉइटवालं ऐकवणार, एकदा नाही, दोनदा. मग कुठल्या गाण्यात कोणी किती वाजवायचं ते दोघं बसून ठरवू. दोनाची चार गाणी झाली तरी मला चालेल.

टँबोरिन मात्र मी घेणार नाही.